मी दमले बाई!

आमचे चिरंजीव आता दोन वर्षं दहा महिन्यांचे आहेत. वजन तीस पौंड, उंची स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या खणाएवढी, आणि रुबाब मात्र निवृत्त मुख्याध्यापकांचा. घरात त्याला आम्ही गुंड्या म्हणतो. कागदोपत्री नाव छान तीन अक्षरी, संस्कृत आहे. पण ते फक्त डॉक्टरांकडे आणि विमानतळावर वापरलं जातं, तेही चुकीच्या उच्चारासह.

गुंड्याचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी उठल्यावर प्रथम दाराजवळच्या चपलांची पाहणी होते. बाबाचे बूट, माझ्या सपाता, त्याचे स्वतःचे दिवे लागणारे बूट, सगळे एका रेषेत हवेत. एखादी सपाता तिरकी दिसली की "हे काय?" अशी विचारणा होते. मंगळवार हा आठवड्यातला मुख्य सण. त्या दिवशी कचऱ्याचा ट्रक येतो. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्या गल्लीत ट्रक साधारण साडेआठला येतो आणि आठ वाजल्यापासून हा खिडकीच्या काचेला नाक लावून उभा असतो. ट्रकचा तो लोखंडी हात डबा उचलून उलटा करतो, तेव्हा याच्या चेहऱ्यावर जो भक्तिभाव असतो तो मी आमच्या नाशिकच्या काळारामाच्या आरतीतही फारसा पाहिलेला नाही. ट्रक गेला की तो मला दर मंगळवारी तेवढ्याच गांभीर्याने बातमी देतो, "आई, ट्रक जाला."

"जाला" म्हणजे गेला. आणि "येला" म्हणजे आला. "बाबा येला, कावळा जाला." खाण्यापासून खाल्ला, हे त्याला पटत नाही. तो "खाला" म्हणतो. पंधरा वर्षांपूर्वी मी हे खोडलं असतं. आता मला त्यातली शिस्त दिसते. 'बस' वरून 'बसला', 'पड' वरून 'पडला', मग 'जा' वरून 'जाला' का नाही? नियम त्याने बरोबर शोधलाय. मराठीनेच तो पाळलेला नाही.

इथे येण्याआधी मी सहा वर्षं नाशिकला शाळेत मराठी शिकवत होते, हे सांगायला हवं. मराठी घेऊन एम.ए., मग बी.एड., मग आठवी-नववीचे वर्ग. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलेत की झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. लग्नानंतर एच-४ वर आले. या व्हिसावर नोकरीचा परवाना काही जणींनाच मिळतो. २०१५ पासून तशी सोय झाली, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचावी लागते. आमची फाइल अजून वाटेत आहे. थोडक्यात, सध्या माझ्या वर्गाची पटसंख्या एक आहे.

आणि हा एक विद्यार्थी बराच काळ बोलायलाच तयार नव्हता.

इथे मुलाच्या १८ आणि २४ महिन्यांच्या तपासणीत आईवडिलांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. वीस प्रश्न, उत्तरं हो किंवा नाही. खोलीच्या त्या टोकाला बोट दाखवलं तर बघतो का? नाव घेतल्यावर वळतो का? त्या सगळ्याला मी पटापट 'हो' लिहिलं होतं. पण बोलण्याबद्दल विचारलं तेव्हा माझा पेन अडखळला. दोन वर्षांच्या मुलाला पन्नासेक शब्द यावेत, दोन शब्द जोडून बोलता यावं, अशी त्यांची ढोबळ अपेक्षा. आमच्याकडे मोजून एकवीस निघाले. त्यांतही "ब्रूऽऽम" धरलं होतं.

त्या आठवड्यात मला जे भेटलं त्याने सल्ला दिला. एका ओळखीच्या बाईंनी तर ठाम सांगितलं, "अगं, मराठी बंद करा. दोन भाषांचा गोंधळ होतो मुलाच्या डोक्यात. आम्ही सरळ इंग्लिशवर आलो, महिन्याभरात बोलायला लागला." त्यांचा हेतू चांगलाच होता. त्या रात्री नवरा झोपल्यावर मी पलंगावर बसून मनातल्या मनात इंग्रजीत अंगाई म्हणून बघितली. शब्द सगळे आले. पण त्या शब्दांत मीच कुठे सापडेना. कोणाची तरी भाड्याने आणलेली साडी नेसून लग्नाला गेल्यासारखं वाटलं.

सुदैवाने डॉक्टर शहाण्या होत्या. त्यांनी आधी कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. मग वाणीतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही शब्द कोणत्या भाषेतले मोजलेत?" मी म्हटलं, इंग्रजी. फॉर्म इंग्रजी होता ना! एम.ए. बी.एड. बाईंची ही अक्कल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही, आणि तुम्हाला जी भाषा मनापासून येते तीच त्याच्याशी बोला.

घरी आल्यावर मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि मोजायला बसले. मम्म, भू, भूभू, चिऊ, काऊ, नन्ना, गाई करायची, पडलं, संपलं, अजून, नको (हा दिवसातून शंभर वेळा), खार, तूप... रात्रीपर्यंत अठ्ठेचाळीस झाले. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता. तरी "दोन अजून शोध" म्हणाला.

त्या कागदाकडे बघताना एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरची आठवण झाली. डॉ. अशोक रा. केळकर यांनी १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात 'मराठी बेबी टॉक' नावाचा लेख लिहिला होता. मोठी माणसं तान्ह्या मुलांशी ज्या खास मराठीत बोलतात, त्या बोलीबद्दल. केळकर स्वतः डॉक्टरेटसाठी याच देशात, कॉर्नेलला होते. विद्यार्थिदशेत मला त्या विषयाचं हसू आलं होतं. एवढा मोठा पंडित आणि लेख कशावर, तर बोबड्या बोलांवर! आता फ्रिजसमोर उभी राहून मी मनात त्यांची माफी मागितली. कारण ही बोली कुठल्याही पुस्तकातून शिकवत नाहीत. ती आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे तोंडोतोंडी येते. मध्ये एखादी पिढी गप्प बसली की संपली.

चिऊचा घास, काऊचा घास इथेही चालतो. काऊ इथे आहेतच, आणि चिऊताई तर आमच्यासारखीच. ती मूळची इथली नव्हे. १८५०च्या सुमारास तिला इंग्लंडहून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलं होतं, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. तिचा आता चांगला जम बसलाय. तिला कोणी फाइल कुठवर आली म्हणून विचारत नाही.

सव्वादोन वर्षांनंतर गुंड्या सुटला. बांध फुटावा तसा. आणि तेव्हा लक्षात आलं की हा मुलगा पूर्णपणे बायकी मराठी बोलतो.

एका संध्याकाळी त्याने सगळे ट्रक टोपलीत भरले. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, एक हात कमरेवर ठेवला, मोठा उसासा टाकला आणि म्हणाला, "मी दमले बाई!"

आम्ही दोघं हसून लोळलो. नवऱ्याने पुन्हा म्हणायला लावून व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मग आमच्या लक्षात यायला लागलं. "मी खेळते." "मी नाही झोपत, मी मोठी झाले." "थांब, मी आले." सासूबाई आधी खूप हसल्या. चार दिवसांनी मात्र फोनवर हळूच म्हणाल्या, "अगं, जरा मुलासारखं बोलायला शिकव त्याला. पुढे पोरं चिडवतील."

यात गुंड्याचा काय दोष? इंग्रजीत 'आय ॲम टायर्ड' म्हणणारा राम आहे की सीता, कळत नाही. मराठीत मात्र "मी" म्हणून पुढचं क्रियापद उच्चारलं की आपण बाई की पुरुष हे जाहीर होतं. मी जातो, मी जाते. मी आलो, मी आले. फळ्यावर मी हेच शिकवायचे, कर्त्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलतं. पण बाळ काही फळ्यावरून शिकत नाही. ते ऐकून शिकतं. आणि गुंड्या दिवसभर ऐकतो कोणाला? बाबा सातची ट्रेन पकडून मॅनहॅटनला जातो आणि रात्री साडेसातला येतो. उरलेले बारा तास घरात "मी" म्हणणारं माणूस एकच, आणि ते "दमले" म्हणतं. गमतीची गोष्ट म्हणजे जिथे कर्त्याचा संबंध नाही तिथे साहेब चुकत नाहीत. आंबा खाला, पोळी खाली, लिंग अगदी बरोबर. इंग्रजी शब्दांनाही त्याने स्वतःच लिंगं वाटून टाकलीत. ट्रक येतो, बस येते, स्नो पडतो. घोडं फक्त "मी"शी अडायचं.

मी हे सगळं मजेत घेत होते. फेब्रुवारीतल्या एका दुपारपर्यंत.

बाहेर दोन दिवस बर्फ पडत होतं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. गुंड्याने खेळण्यातला फोन कानाला लावला आणि दिवाणखान्याच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अगदी माझ्यासारखा, एका पायावर भार देऊन, पडद्याच्या कडेशी चाळा करत. आणि बोलायला लागला.

"हं. हो गं. बरंय. काही नाही. घरीच असते. कुठे जाणार?"

मध्ये थोडा थांबला, पलीकडचं ऐकल्यासारखा. मग पुन्हा, "कुठे जाणार?" आणि तोच उसासा.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. हे मी माझ्या ताईशी बोलते. रोज, आपल्या दुपारी, तिच्या रात्री. मला वाटायचं, तो ट्रकशी खेळतोय. तो ट्रकशी खेळत होता आणि माझी वाक्यं वेचत होता. दाण्यापासून खडे वेगळे करायला त्याला कोण शिकवणार? त्याने दोन्ही उचलले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शब्द मोजताना मी फक्त किती आले ते बघितलं होतं. कुठून आले ते बघितलंच नव्हतं. नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्ये वाढला असता तर त्याने मराठी शंभर तोंडांतून ऐकली असती. दूधवाल्याची, भाजीवाल्या मावशींची, खालच्या मजल्यावरच्या तापट काकांची, वॉचमनची, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या शिव्यांसकट. माझ्या बाबांची, जे फोनवर सगळ्यांशी भांडल्यासारखे बोलतात. त्यात माझाही एक आवाज असता. मी एखाद्या दिवशी उदास असते तर ते त्या गलबल्यात विरून गेलं असतं. इथे त्याच्या मराठीचं अख्खं विद्यापीठ म्हणजे मी. कुलगुरू मी, प्राध्यापक मी, घंटा देणारा शिपाईही मी. मग विद्यापीठ कंटाळलेलं असेल तर विद्यार्थी काय शिकणार?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी जास्त बोलतो ना त्याच्याशी." त्याने मनापासून प्रयत्नही केला. पण रात्री साडेसातला थकलेला माणूस किती बोलणार? त्याच्याकडून गुंड्या एकच वाक्य पक्कं शिकला. सकाळी दारात बूट घालताना बाबा म्हणतो ते, "येतो रे!"

बी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं. तिथली गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज घरोघरी ठाऊक असलेला शब्द तिथला. मी परीक्षेत त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आता उलटा प्रश्न समोर होता. आमच्या मुलाला अंगणच नव्हतं. ते शोधायचं होतं.

एप्रिल उजाडला आणि ते आपणहून सापडलं. एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमध्ये तळ्याकाठी फिरायला गेलो, तर बाकावर तीन पांढरी डोकी आणि एक नऊवारी. उन्हाळा लागला की लेकी-सुनांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. पायांत नवे कोरे स्पोर्ट्स शूज, अंगात उन्हातही स्वेटर. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं हसून पुढे जात होते. या वेळी थांबले. गुंड्याने बाकाजवळच्या चपला-बूट बघितले आणि लगेच एका आजोबांची काठी सरळ करून ठेवली. ओळख झाली.

मग आम्ही रोज जायला लागलो. सोलापूरचे एक आजोबा त्याला ट्रकमधला आणि टेम्पोमधला फरक समजावत. नागपूरचे आजोबा लांबून दिसला की ओरडत, "काय करून राहिला बे?" तिसऱ्या दिवशी रात्री बाबा दारातून आत आला तर चिरंजीवांनी विचारलं, "काय करून राहिला बे?" नवरा पक्का पुणेकर. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणि नऊवारीतल्या त्या कोल्हापूरच्या आजी. एकदा गुंड्या घसरगुंडीवरून ओरडला, "आजी, बघ, मी येते!" मी कानकोंडी होऊन म्हणाले, "अहो, माझं ऐकून ऐकून तसं बोलतो. शिकवतेय मी." आजींनी तंबाखूची मिश्री लावलेले दात दाखवत मोकळं हसून घेतलं. म्हणाल्या, "त्यात काय गं एवढं? आमच्याकडं पोरीबी 'मी येतो' म्हणत्यात. जन्मभर म्हणलो मी. माझं काय अडलं? सहा पोरं झाली." मी व्याकरणाची बाई, आणि कर्तरी प्रयोगाची ही वाट माझ्या डोळ्यांसमोर असून मला कधी दिसली नव्हती. आमच्या पुस्तकात ती 'प्रादेशिक भेद' म्हणून तळटीपेत होती. इथे ती समोर बसून शेंगदाणे सोलून माझ्या मुलाला देत होती.

त्या उन्हाळ्यात गुंड्याचं मराठी पसरलं. त्यात थोडं सोलापूर आलं, थोडं नागपूर. "येतो" आणि "येते" दोन्ही चालू झाले, कधी एकाच वाक्यात. आणि मला एक जाणवलं. माझीही ताईशी बोलण्याची वाक्यं बदलली होती. सांगायला काहीतरी असायचं. "अगं, आज त्या आजी काय म्हणाल्या माहितीये?"

या जूनमध्ये त्याच बाकावर आमच्या मंडळाच्या मराठी शाळेच्या एक बाई भेटल्या. रविवारच्या पहिलीच्या वर्गाला शिक्षिका हवी होती. मानधन नाही, खडू-फळ्याऐवजी प्रोजेक्टर, आणि मुलं एकमेकांत इंग्रजी बोलतात, असं त्यांनी आधीच सांगितलं. मी दोन दिवस विचार केला. खरं तर विचार कसला, भीतीच होती. सात वर्षांत मी वर्गात उभी राहिले नव्हते. आणि गुंड्याला सोडून चार तास कुठे गेलेही नव्हते. हो म्हटलं.

सप्टेंबरचा पहिला वर्ग. सकाळी घरात नुसती धावपळ. बाबाच्या हातात पोहे, गुंड्यासमोर पोहे, जमिनीवर पोहे. मी इस्त्रीचा कुर्ता घातला, जुनी शाळेची पर्स घेतली. दाराशी माझ्या सपाता नव्हत्या. त्याने बाहेरचे सँडल सरळ रेषेत मांडून ठेवले होते. मी ते घातले आणि घाईत म्हणाले, "चल गुंड्या, मी जाते हं."

तो खाली बसून ट्रक लावत होता. त्याने मान वर केली. कपाळाला आठ्या, आवाज मुख्याध्यापकांचा.

"आई, 'जाते' नाही म्हणायचं. 'येतो' म्हण."

हे कोणी शिकवलं होतं? सासूबाईंनी फोनवर कधीतरी टोकलं असेल, घरातून निघताना 'जाते' म्हणू नये म्हणून. बाबाचं रोजचं "येतो रे" असेल. कोल्हापूरच्या आजी असतील. त्या ऑगस्टच्या शेवटी परत गेल्या, जाताना त्याच्या हातावर वीस डॉलरची नोट ठेवून. मला नक्की सांगता येणार नाही. एवढं खरं की ते वाक्य माझ्याकडून आलेलं नव्हतं.

मागून नवरा हसत होता. मी पर्स खांद्याला लावली.

"येतो," मी म्हटलं.

"ये," असं म्हणून तो ट्रककडे वळला.